आवाज आणि वाचा यांचे विकार : ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी १८१० मध्ये जिथे कायमची पडली, त्या लष्कर भागात आजही अनेक मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांच्या घरांत गाणे, कीर्तन व शिक्षकी पेशा परंपरेने चालत आला आहे. या तिन्ही गोष्टींचे भांडवल आवाज हेच असते, आणि तरीही घशाच्या तक्रारीसाठी लोक ज्या वेळी यायला हवेत त्या वेळी येत नाहीत. वाचा-उपचार करणारी व्यक्ती म्हणून मला या घरांतून जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ही उत्तरे प्रत्यक्ष तपासणीच्या जागी वापरू नयेत, तर तपासणीला लवकर जाण्यासाठी वापरावीत, अशी विनंती आहे.

आवाजाचा विकार आणि वाचेचा विकार यांत फरक काय?

आवाज स्वरयंत्रात निर्माण होतो. जीभ, ओठ, दात आणि टाळू त्या आवाजाला आकार देऊन त्याचे उच्चार बनवतात, आणि कोणते शब्द कोणत्या क्रमाने बोलायचे हे मेंदू ठरवतो. आवाज घोगरा होणे, फाटणे किंवा पुरता बसणे हा आवाजाचा विकार होय. ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणणे हा उच्चाराचा दोष, बोलताना अडखळणे हा ओघाचा दोष, आणि शब्दच न सुचणे किंवा दुसऱ्याचे बोलणे न कळणे हा भाषेचा विकार असतो. घरात या सगळ्यांना सरसकट ‘बोलण्याचा त्रास’ म्हटले जाते. उपचार मात्र प्रत्येकाचा निराळा असल्यामुळे नेमके काय बिघडले आहे हे आधी ठरवावे लागते.

आवाज तयार कसा होतो?

गळ्यात समोर हाताला लागणाऱ्या कंठमण्याच्या मागे दोन स्वरतंतू असतात. त्यांना तंतू म्हणत असले तरी त्या तारा नव्हेत. आत स्नायू आणि वर अतिशय मऊ, ओलसर आवरण अशा त्या दोन घड्या आहेत. श्वास घेताना त्या दूर होतात, आणि बोलताना जवळ येऊन फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेने थरथरू लागतात. बोलताना प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा आणि स्त्रीचे साधारण २०० ते २२० वेळा एकमेकांवर आपटतात. शाळेच्या एका दिवसात शिक्षिकेच्या तोंडून प्रत्यक्ष आवाज निघण्याचा वेळ केवळ दीड तास धरला, तरी २२० या हिशेबाने ही संख्या जवळजवळ १२ लाख होते. हा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण ‘नुसते बोलून काय होणार आहे’ असे म्हणणाऱ्यांना तो एकदा कळला की पुढचे बरेच समजावणे सोपे जाते.

आवाज बसला आहे. किती दिवस वाट पाहावी?

सर्दी-पडशाबरोबर बसलेला आवाज बहुधा एक ते दोन आठवड्यांत सुटतो. हा त्रास बहुतेक वेळा विषाणूंमुळे होत असल्याने त्यावर अँटिबायोटिक गोळ्यांचा उपयोग नसतो. पाणी, विश्रांती आणि कमी बोलणे एवढेच पुरते. मात्र घोगरेपणा तीन ते चार आठवडे टिकला, तर नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू प्रत्यक्ष पाहून घ्यावेत. त्याआधी घसा नुसता बॅटरीने पाहून दिलेले औषध पुन्हापुन्हा घेत राहू नये, कारण तोंड उघडून दिसतो तो घसा आणि स्वरतंतू या दोन वेगळ्या जागा आहेत.

काही लक्षणे असतील तर चार आठवडेही थांबू नये. श्वास घेताना आवाज येणे किंवा धाप लागणे, थुंकीत रक्त येणे, गिळताना त्रास किंवा ठसका, मानेत गाठ, कारण नसताना वजन घटणे, एकाच बाजूचा कान सतत दुखणे, मान किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर बदललेला आवाज, आणि तंबाखू खाणाऱ्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाचा आवाज बदलणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवावे. ज्याच्या श्वासाला त्रास आहे, त्याने त्याच दिवशी जावे.

दुर्बिणीच्या तपासणीत नेमके काय करतात? ती दुखते का?

नाकातून बारीक लवचीक दुर्बीण किंवा तोंडातून सरळ दुर्बीण घालून स्वरतंतू पडद्यावर पाहिले जातात. नाक-घसा बधिर करण्यासाठी फवारा मारतात, थोडी मळमळ किंवा नाकात दाब जाणवतो, आणि काही मिनिटांत काम संपते. त्यासाठी भूल किंवा दाखल होणे बहुधा लागत नाही. स्वरतंतूंची थरथर डोळ्यांना दिसण्याइतकी संथ नसते. म्हणून काही ठिकाणी स्ट्रोबोस्कोपी करतात. तिच्यात प्रकाशाची उघडझाप स्वरतंतूंच्या गतीपेक्षा किंचित वेगळी ठेवतात, त्यामुळे ती थरथर संथ चाललेल्या लाटेसारखी दिसते आणि आवरणाचा एखादा भाग ताठ झाला असेल तर तो ओळखू येतो.

गाणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. जिवंत माणसाचे स्वरतंतू आरशाने पाहण्याची पद्धत मान्यतेला आणणारा मनुष्य डॉक्टर नव्हता. मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये दंतवैद्याचा लहानसा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचाच गळा पाहिला. आपला गळा कसा चालतो हे पाहण्याची इच्छा एका गुरूला झाली आणि त्यातून ही विद्या पुढे गेली. तेव्हा गायकाने दुर्बिणीला घाबरण्याचे काही कारण नाही.

मी शिक्षिका आहे. संध्याकाळपर्यंत आवाज फाटतो, रविवारी बरा होतो. हे कशाचे लक्षण आहे?

हे वर्णन मी इतक्या जणींकडून ऐकले आहे की वाक्य पूर्ण होण्याआधीच पुढचे शब्द कळतात. स्वरतंतू दिवसभर जोराने आपटत राहिले की त्यांच्या पुढच्या एक तृतीयांश भागाच्या शेवटी, जिथे आघात सर्वांत जास्त असतो तिथे, आधी सूज येते आणि नंतर दोन्ही बाजूंना समोरासमोर बारीक घट्टे पडतात. त्यांना नोड्यूल म्हणतात. कुदळ चालवणाऱ्या हातावर घट्टे पडावेत, तसाच हा प्रकार आहे. हे घट्टे कर्करोग नव्हेत आणि त्यांचा कर्करोग होत नाही. स्त्रियांमध्ये आणि आरडाओरडा करणाऱ्या लहान मुलग्यांमध्ये ते जास्त आढळतात.

नोड्यूलवर पहिला उपचार शस्त्रक्रिया नसून आवाजाचा उपचार, म्हणजे व्हॉइस थेरपी, हा आहे. नुसते घट्टे कापून काढले आणि बोलण्याची रीत तीच ठेवली, तर ते पुन्हा येतात. उपचारात श्वासाचा आधार घेऊन बोलणे, मान आणि जबड्याचा ताण सोडणे, गुंजन करून आवाज ओठांच्या आणि नाकाच्या बाजूला घुमवणे, आणि बारीक नळीतून हवा सोडत स्वर लावणे असे व्यायाम असतात. नळीच्या व्यायामात तोंडाकडून मागे येणारा हवेचा दाब स्वरतंतूंना सावरून धरतो, त्यामुळे ते कमी आघातात थरथरतात. साधारण सहा ते आठ आठवडे रोज थोडा थोडा सराव केल्यावर फरक जाणवू लागतो.

याखेरीज वर्गात करण्याजोग्या गोष्टी आहेत. खिडकीबाहेर रस्ता असेल तर ती खिडकी शिकवताना बंद ठेवावी, मुलांना गप्प करण्यासाठी ओरडण्याऐवजी टाळी किंवा घंटी वापरावी, फळ्याकडे तोंड करून बोलू नये, आणि शक्य असेल तर कमरेला लावायचा छोटा माइक घ्यावा. माइकमुळे शिक्षकांच्या आवाजाला खरोखर आराम मिळतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गापुढे शिक्षिकेने उघड्या गळ्याने दिवसाचे सहा तास ओरडावे, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. शाळांनी माइकला चैन न समजता खडूइतकी साधी गरज समजले पाहिजे.

दोन्ही बाजूंना समोरासमोर घट्टे नसून एकाच बाजूला फुगवटा असेल, तर तो बहुधा पॉलिप (मऊ कोंब) किंवा सिस्ट (द्रव भरलेली गाठ) असतो. एखाद्या दिवशी फार ओरडल्यावर सूक्ष्म रक्तवाहिनी फुटून पॉलिप होऊ शकतो. त्यावर अनेकदा सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तिच्यानंतर काही दिवस मौन व पुन्हा आवाजाचा उपचार हे आलेच.

ग्वाल्हेर गायकीतील खुल्या आवाजाने गळा खराब होतो का?

होत नाही. खुला आवाज म्हणजे ढकललेला आवाज नव्हे. ज्या घराण्याची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, त्यात आवाज दाबून किंवा चोरून न लावता मोकळा लावतात, आणि मोकळा लावलेला आवाज स्वरतंतूंच्या दृष्टीने निरोगीच असतो. बिघाड होतो तो निराळ्या कारणांनी. मुलीला स्वतःची पट्टी न शोधता शिक्षकांच्या पट्टीत गायला लावणे, गळा पेटीच्या काळी चार पट्टीचा असताना हौसेने तिच्याहून उंच काळी पाचमध्ये बैठक करणे, सर्दीत रियाज चालू ठेवणे आणि कार्यक्रमानंतर मंडपातल्या गोंगाटात तासभर गप्पा मारणे, ही ती कारणे आहेत. पहाटेचा खर्जाचा रियाजही खालच्या स्वरांवर गळा दाबून केला, तर फायद्याऐवजी अपाय करतो. तार सप्तकातला हलका स्वर लागेनासा होणे हे गाणाऱ्यातील सुजेचे सर्वांत पहिले चिन्ह असते. बोलण्याचा आवाज त्या वेळी पूर्ण स्वच्छ असू शकतो.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन गाणे उभे करण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. सूज उतरल्यामुळे आवाज मोकळा वाटतो, गायक जोर लावतो आणि आतल्या आत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. स्वरतंतू पाहिल्याशिवाय हे कधीही करू नये.

तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ल्याने आवाज सुधारतो का?

हजिऱ्याजवळ मुहम्मद घौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची समाधी आहे, आणि तिथल्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, ही श्रद्धा जुनी आहे. डिसेंबरात तानसेन समारोहाला आलेला गायक तिथे हात जोडून पाने तोंडात टाकतो, यात मला काही वावगे दिसत नाही. शरीरशास्त्राने पाहिले तर गिळलेली कोणतीही वस्तू स्वरतंतूंना स्पर्श करत नाही. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाऊन झाकले जाते आणि घास मागच्या अन्ननलिकेत जातो. तसे झाले नाही तर ठसका लागतो. पाल्याच्या आंबटपणाने लाळ सुटते आणि घसा ओला वाटतो, एवढाच त्याचा परिणाम होऊ शकतो. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांनी मात्र आंबट बेतानेच घ्यावे.

मग ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध आणि वाफ यांचा उपयोग आहे की नाही?

कोरड पडलेल्या घशाला ज्येष्ठमध आणि खडीसाखर यांनी आराम वाटतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी ज्येष्ठमध रोज आणि भरपूर प्रमाणात घेऊ नये, कारण त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. साध्या पाण्याच्या वाफेने ओलावा मिळतो. तिच्यात बाम घालण्याची गरज नाही. ग्वाल्हेरचा मे-जून, ती लू आणि ती धूळ यांत पुरेसे पाणी पिणे हाच सर्वांत मोठा उपाय आहे, आणि कूलर नसलेल्या वर्गात शिकवणाऱ्यांना तो सर्वांत अवघड जातो.

दोन सवयी मोडाव्यात. पहिली खाकरण्याची, कारण खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर जोराने घासतात, सूज वाढते आणि पुन्हा खाकरावेसे वाटते. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्यावा. दुसरी कुजबुजण्याची. आवाज बसल्यावर अनेकजण जोर लावून कुजबुजतात आणि त्याला विश्रांती समजतात. त्याने गळ्याचे स्नायू उलट ताणले जातात. हळू पण खऱ्या आवाजात थोडके बोलावे, किंवा गप्प राहावे. दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांचा आवाज त्या औषधाने घोगरा होऊ शकतो. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकावी. पंप मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

मुलगा सतरा वर्षांचा झाला तरी आवाज किनराच आहे. काय करावे?

वयात येताना मुलांचे स्वरयंत्र वाढते आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. काही मुलांत स्वरयंत्र पूर्ण वाढूनही आवाज जुन्याच उंच जागी अडकतो. याला प्युबरफोनिया म्हणतात. आधी स्वरयंत्र आणि गरज वाटल्यास संप्रेरके तपासून घ्यावीत. ती ठीक असतील तर खोकल्याचा आवाज लांबवणे, कंठमणी हलका खाली धरून स्वर लावणे अशा तंत्रांनी खालचा आवाज अनेकदा पहिल्या काही भेटींतच सापडतो. तो टिकवण्यासाठी मात्र सराव लागतो, कारण स्वतःचाच नवा आवाज मुलाला परका वाटतो. क्वचित व्यायामांनी जमले नाही, तर शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. या मुलांना फोनवर ‘ताई’ म्हटले जाते, वर्गात नकला होतात आणि ती बोलणे टाळू लागतात. घरच्यांनी ‘मोठा झालास की होईल’ म्हणून वर्षे घालवू नयेत.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर आईचा आवाज हवेसारखा, पोकळ झाला. नस कापली गेली का?

कापलीच गेली असे नाही. ताण किंवा सुजेमुळेही ती काही काळ बंद पडू शकते. स्वरतंतू हलवणारी नस थायरॉइडला अगदी चिकटून जाते. डावीकडची नस तर छातीत उतरून महाधमनीखालून वळसा घालते आणि पुन्हा वर येते, त्यामुळे छातीतल्या आजारानेही डावा स्वरतंतू हलेनासा होऊ शकतो. म्हणूनच शस्त्रक्रिया झालेली नसताना असे घडले, तर छातीची तपासणी सांगतात. नस पूर्ववत होण्याची शक्यता असल्यामुळे कायमचा इलाज करण्यापूर्वी साधारण वर्षभर थांबतात. या काळात आवाजाचा उपचार चालू ठेवता येतो, आणि पाण्याचा ठसका फार लागत असेल तर स्वरतंतूत तात्पुरते इंजेक्शन देऊन तो मध्याकडे सरकवता येतो.

तंबाखूमुळे स्वरयंत्राचा कर्करोग झाला तर आवाज कायमचा जातो का?

लवकर सापडला तर बहुधा जात नाही. स्वरतंतूंवरची अगदी छोटी गाठसुद्धा आवाज बदलते, त्यामुळे हा कर्करोग पहिल्या टप्प्यातच स्वतःची खबर देतो. या टप्प्यात किरणोपचार किंवा लेझरने दहापैकी साधारण नऊ रुग्ण बरे होतात आणि स्वरयंत्रही वाचते. ती खबर ‘विडी पिणाऱ्याचा आवाज असाच असतो’ म्हणून दुर्लक्षित राहते, याचे मला मनापासून दुःख होते. तपासणीसाठी तुकडा काढल्याने, म्हणजे बायोप्सीने, कर्करोग पसरतो हा समज खोटा आहे आणि त्यापायी मोलाचे महिने वाया जातात.

स्वरयंत्र पूर्ण काढावे लागले तरी माणूस बोलू शकतो. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांमध्ये बारीक झडप बसवून मिळणारा आवाज, गळ्याला लावायचे विजेरी यंत्र, आणि अन्ननलिकेत हवा घेऊन काढलेला आवाज, असे तीन मार्ग आहेत. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ मध्ये स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा वाचाघातामुळे (मेंदूला इजा होऊन शब्द न सुचण्यामुळे) आलेले कायमचे अपंगत्व ‘वाक् आणि भाषा दिव्यांगता’ म्हणून मान्य केले आहे. तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करावा.

बाळ दोन वर्षांचे झाले, अजून बोलत नाही. ‘याचे बाबाही उशिरा बोलले’ असे आजी म्हणतात.

आजींचे म्हणणे खरे असू शकते, पण ते तपासल्याशिवाय धरून चालू नये. साधारण वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द, आणि दोन वर्षांचे होताना पन्नासेक शब्द व ‘बाबा आले’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. तसे नसेल तर सर्वांत आधी कान तपासावेत. दार वाजल्यावर बाळ वळून पाहते म्हणजे त्याला ऐकू येते, असा निष्कर्ष काढू नये, कारण धाड्कन येणारा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. ओएई आणि बेरा या श्रवणाच्या तपासण्या नवजात बाळावरही करता येतात आणि त्या दुखत नाहीत. जन्मतः ऐकू न येणारे मूल एका महिन्याच्या आत प्राथमिक चाळणी तपासणीत सापडावे, तीन महिन्यांच्या आत निदान व्हावे आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असा मान्य नियम आहे.

नावाने हाक मारल्यावर न पाहणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे आणि आलेले शब्द हरवणे, ही लक्षणे असतील तर बालरोगतज्ज्ञांना लगेच सांगावे. वेखंड चाटवल्याने वाचा फुटते असे घरोघरी म्हणतात. त्याने कान किंवा मेंदूतले कारण दूर होत नाही. वर्षाच्या आतील बाळाला मध तर मुळीच देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

घरात मराठी, शेजारी आणि शाळेत हिंदी, पुस्तकात इंग्रजी. यामुळे मूल गोंधळले आहे, मराठी बंद करा, असे शाळेने सांगितले. करावी का?

करू नये. या यादीतील कोणत्याही उत्तरापेक्षा हे उत्तर लक्षात राहावे, अशी माझी इच्छा आहे.

दोन भाषा ऐकल्यामुळे मुलाचे बोलणे उशिरा येत नाही आणि विकारही होत नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द मोजताना दोन्हींतले मिळून मोजायचे असतात. ‘पाणी प्यायचं है’ असे मिसळलेले वाक्य हा आजार नाही. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मोठी माणसेही असेच बोलतात. ज्या मुलाला खरोखर भाषेचा विकार असतो, त्याला तो दोन्ही भाषांत असतो, आणि एक भाषा काढून घेतल्याने दुसरी सुधारत नाही. उलट ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते, आई रागावते आणि बाबा लाड करतात, तीच भाषा काढून घेतली तर मुलाशी बोलणारी माणसेच कमी होतात. तोडक्या हिंदीत किंवा अवघडलेल्या इंग्रजीत पालक मुलाशी थोडके आणि आज्ञार्थीच बोलू लागतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. भाषा शिकायला मुलाला भरपूर, सहज आणि मायेचे बोलणे लागते, आणि ते माणूस ज्या भाषेत सहज असतो त्याच भाषेत बोलू शकतो.

उपचार करणाऱ्यांना मराठी येत नसेल, तर पालकांनी मराठी शब्दांची यादी आणि घरी केलेले ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. ‘ळ’ आणि ‘ण’ यांचे उच्चार, किंवा ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ यांतील ‘च’चा फरक, हिंदीच्या कसोटीवर तपासले तर मुलाचा बरोबर उच्चार चूक ठरू शकतो.

चार वर्षांची मुलगी बोबडे बोलते. जिभेखालचा पडदा कापावा का?

तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसाला बऱ्यापैकी आणि चार वर्षांच्या मुलाचे जवळजवळ सगळे कळले पाहिजे. ‘र’ पाच-सहा वर्षांपर्यंत उशिरा येऊ शकतो, मात्र ‘क’च्या जागी ‘त’ चार वर्षांनंतरही राहिला तर उपचार सुरू करावेत. जीभ बाहेर काढता येते आणि वर टाळूला लागते, तर जिभेखालचा पडदा बहुधा कारण नसतो. तो कापून उशिरा बोलणारे मूल बोलू लागत नाही. मोठ्यांनी कौतुकाने मुलीशी तिच्यासारखे बोबडे बोलू नये. तिने ‘ताती’ म्हटले तर ‘हो, काकी आली’ असे शुद्ध रूप सहज ऐकवावे आणि तिला पुन्हा म्हणायला लावू नये.

मुलगा अडखळतो. आम्ही त्याला ‘सावकाश बोल’ असे सांगतो. आणखी काय करावे?

आधी ते सांगणे थांबवावे. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. सुमारे ५ टक्के मुलांमध्ये तो कधी ना कधी दिसतो, त्यांतील बहुतेकांचा जातो, आणि प्रौढांमध्ये तो साधारण १ टक्का लोकांत राहतो. मुलग्यांत तो जास्त टिकतो. भीती, नक्कल, गुदगुल्या किंवा आईचा धाक यांमुळे तो होत नाही. बोलण्याच्या हालचालींची मेंदूतील जुळणी वेगळी असते आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. डावरेपणाशीही त्याचा संबंध जोडू नये.

‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’, ‘नीट सांग’ हे शब्द प्रेमाने उच्चारले तरी मुलाला एवढेच कळते की आपले बोलणे चुकीचे आहे. त्याऐवजी मोठ्यांनी स्वतः संथ बोलावे, त्याचे वाक्य त्याला पुरे करू द्यावे, शब्द तोंडातून काढून घेऊ नये, आणि तो काय सांगतो आहे याकडे पाहावे. पाहुण्यांसमोर श्लोक म्हणून दाखवायला लावू नये. अडखळणे सहा महिने ते वर्षभर टिकले, घरात कोणाला प्रौढपणीही तोतरेपणा असेल, किंवा मूल डोळे मिटून, मान झटकून शब्द बाहेर ढकलू लागले, तर थांबू नये. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात पालकांच्या सहभागाने चालणारे उपचार चांगले लागू पडतात.

प्रौढांचा तोतरेपणा ‘मुळापासून बरा’ करण्याची हमी पैसे घेऊन देणाऱ्यांपासून दूर राहावे. अडखळणे सैल करण्याची आणि त्याची भीती कमी करण्याची तंत्रे शिकता येतात, आणि द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनसारखे स्वयंसाहाय्य गटही आहेत. अडखळत बोलणाऱ्या माणसाला नोकरीच्या मुलाखतीत थोडा जास्त वेळ मिळाला, तर त्याचे काम अडत नाही.

बाळाचा ओठ आणि तोंडातली टाळू दुभंगलेली आहे. शस्त्रक्रिया केव्हा करतात?

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत करतात, म्हणजे बोलणे सुरू होईपर्यंत टाळू मिटलेली असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे दोष समाविष्ट आहेत; अंगणवाडी किंवा जिल्हा रुग्णालयात नोंद करावी. शस्त्रक्रियेनंतरही बोलणे गेंगाणे राहिले तर वाचा-उपचार आणि कधीकधी दुसरी शस्त्रक्रिया लागते.

आजोबांना लकव्यानंतर शब्द सुचत नाहीत. ते वेडसर झाले आहेत का? उपचार मराठीत करावा की हिंदीत?

ते वेडसर झालेले नाहीत. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की शब्द हाताशी येत नाहीत. माणूस, आठवणी आणि मन तेच असते. याला वाचाघात म्हणतात. शब्द सुचतात पण जीभ जड होऊन उच्चार अस्पष्ट येतात, तो निराळा विकार आहे. वाचाघात झालेला माणूस पाणी मागू शकत नाही, पण सुरू करून दिलेली पाठ आरती शेवटपर्यंत म्हणतो, आणि घरच्यांना वाटते की तो मुद्दाम बोलत नाही. तोंडपाठ बोलणे आणि नवे वाक्य जुळवणे यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या असल्यामुळे असे घडते.

दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या दोन्ही भाषा एकाच वेगाने परत येतीलच असे नाही. आयुष्यभर कचेरीत हिंदी बोललेल्या आजोबांची मराठी आधी परतते, तर कधी याच्या उलट घडते. म्हणून दोन्ही भाषांत तपासणी करून घ्यावी आणि घरात ज्या भाषेत त्यांच्याशी बोलले जाते, तिला उपचारात जागा असावीच. एका वेळी एकाने, छोट्या वाक्यांत, दूरदर्शन बंद करून बोलावे, ‘हो-नाही’ने उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत, चित्रे आणि हातवारे यांना कमीपणा मानू नये. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण ती पुढेही चालू राहते.

बोलणे अचानक बोबडे झाले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तर वाचा-उपचारांसाठी वेळ घेत बसू नये. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे तडक मोठ्या रुग्णालयात जावे.

कोणाकडे जावे आणि पहिल्या भेटीला काय न्यावे?

आवाजाच्या तक्रारीसाठी आधी नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि मग वाचातज्ज्ञ, असा क्रम ठेवावा. शहरात १९४६ पासूनचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले जयारोग्य रुग्णालय आहे. बाहेरगावी जाण्यापूर्वी तेथील नाक-कान-घसा विभागात दाखवता येते. वाचातज्ज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये.

पहिल्या भेटीला जुने अहवाल, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, आणि दुर्बिणीची तपासणी झाली असेल तर तिचे चित्रीकरण न्यावे. मुलाला आणत असाल तर तो घरी खेळताना बोलतो त्याचे पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर करून आणावे, कारण अनोळखी खोलीत मुले गप्प होतात. आवाज बसलेल्यांनी सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी एकच परिच्छेद वाचून आठवडाभर तो मुद्रित करावा. दिवसाच्या कोणत्या वेळी आवाज जातो हे त्यातून तोंडी वर्णनापेक्षा चांगले कळते. आणि ज्याच्याविषयी बोलायचे आहे ती व्यक्ती समोर बसलेली असेल, तर पहिला प्रश्न तिला विचारला जाईल आणि तिला उत्तर द्यायला वेळ लागेल. तेवढा वेळ सोबत आलेल्यांनी शांत बसावे.